कार्ल जून आणि कार-टी थेरपी: सारखे विचारले जाणारे प्रश्न

कार-टी थेरपीबद्दल आणि कार्ल जून यांच्याबद्दल मला गेली काही वर्षं तेच तेच प्रश्न येतायत, काही विद्यार्थ्यांकडून, काही घरात पेशंट असलेल्यांकडून, काही नुसतं कुतूहल म्हणून. म्हणून सगळे एका जागी गोळा केलेत. प्रश्न ज्या शब्दांत आले जवळजवळ तसेच ठेवलेत, आणि एखाद्या गोष्टीचं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय. घरात कोणी पेशंट असेल तर एवढंच सांगते, ही माहिती समजून घेण्यासाठी आहे, निर्णय तुमच्या डॉक्टरांशी बोलूनच घ्या.

१. कार्ल जून म्हणजे नक्की कोण? थोडक्यात सांगा.

पेशंटच्याच रक्तातल्या टी पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात नवीन जीन घालायचं, त्या वाढवायच्या आणि परत पेशंटच्या अंगात सोडून कॅन्सर मारायचा, हे माणसांमध्ये करून दाखवणाऱ्या सगळ्यात महत्त्वाच्या टीम्सपैकी एकीचे प्रमुख. फिलाडेल्फियाला युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्वेनियात (पुढे नुसतं 'पेन') ते १९९९ पासून आहेत. मूळचे अमेरिकन नेव्हीतले डॉक्टर, आणि बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं की त्यांची कितीतरी वर्षं कॅन्सरवर नाही तर एचआयव्हीवर काम करण्यात गेली (प्रश्न ५).

२. कार-टी म्हणजे काय? सायन्स न शिकलेल्या माणसाला कळेल असं सांगा.

आपल्या रक्तात टी पेशी असतात, त्यांचं काम म्हणजे आजारी किंवा व्हायरस शिरलेली पेशी ओळखून मारणं. अडचण अशी की कॅन्सरची पेशी आपल्याच शरीरातून तयार झालेली असते, त्यामुळे टी पेशींना ती बऱ्याचदा ओळखूच येत नाही. मग त्या टी पेशीच्या अंगावर एक नवीन रिसेप्टर बसवायचा. या रिसेप्टरचा बाहेरचा भाग अँटिबॉडीपासून घेतलेला असतो, म्हणजे शत्रू ओळखणारा, आणि आतला भाग टी पेशीचा स्वतःचा, म्हणजे 'मार' असा हुकूम देणारा. दोन वेगळ्या गोष्टी जोडून एक केलेली असल्यामुळे त्याला कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर म्हणतात, त्याचा शॉर्टफॉर्म कार. कायमेरा हा ग्रीक कथांमधला अनेक प्राण्यांचा मिळून बनलेला प्राणी, आपल्याकडे नरसिंह आठवा, वर सिंह आणि खाली माणूस, साधारण तसंच.

सगळ्यात जास्त वापरलं गेलेलं लक्ष्य म्हणजे सीडी१९ नावाचं प्रोटीन, जे बी पेशींवर (अँटिबॉडी बनवणाऱ्या रक्तातल्या पेशींवर) असतं आणि बी पेशींपासून होणाऱ्या बऱ्याच ल्युकेमिया-लिम्फोमावर, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरवरही असतं. आणि हे औषध जिवंत असतं, गोळी पोटात विरघळून जाते पण ही पेशी आत जाऊन वाढते, एकीच्या हजार होतात, आणि काहींमध्ये तर वर्षानुवर्षं राहते.

३. म्हणजे शोध कार्ल जून यांनीच लावला ना?

नाही, आणि हे मी दर वेळी जरा जोर देऊनच सांगते, कारण बातम्यांमध्ये एकच नाव येतं. कल्पना मुळात इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटमधल्या झेलिग एशहार यांच्या लॅबची, १९८९ साली त्यांनी अँटिबॉडीचे भाग टी पेशीच्या रिसेप्टरला जोडून दाखवले, आणि १९९३ मध्ये ते सगळं एकाच साखळीत बसवलं. पण त्या पहिल्या पिढीच्या पेशी लवकर दमायच्या. न्यूयॉर्कमध्ये मिशेल सादलेन यांच्या ग्रुपने २००३ मध्ये दाखवलं की सीडी१९ हे लक्ष्य धरलं तर उंदरांमधला कॅन्सर जातो. सेंट ज्यूड हॉस्पिटलमधल्या दारिओ कंपाना यांच्या लॅबने रिसेप्टरच्या आतल्या भागात ४-१बीबी नावाचा तुकडा घातला, ते २००४ मध्ये छापून आलं, आणि जून यांच्या टीमने पुढे माणसांत वापरला तो याच घडणीचा रिसेप्टर. आणि सीडी१९ कार-टीने लिम्फोमाची गाठ कमी झाल्याचा माणसातला रिपोर्ट २०१० मध्ये स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटच्या टीमने दिला.

मग जून यांचं काय? पेशी वाढवायची पद्धत, जीन आत पोचवायला लेंटिव्हायरस (एचआयव्हीच्याच कुळातला, पण आजार होणार नाही असा बदललेला व्हायरस) वापरायचं धाडस, आणि पेशी शरीरात टिकतात हे वर्षानुवर्षं मोजत राहणं. एखादी कल्पना सुचणं आणि ती पिशवीत भरून पेशंटच्या शिरेत सोडता येणं, यात वीस वर्षांचं अंतर होतं, आणि जून त्या वीस वर्षांचे माणूस आहेत. माझ्या मते यात काही कमीपणा नाही, उलट सगळ्यात अवघड भाग तोच होता.

४. नेव्हीतला माणूस इकडे कसा आला?

व्हिएतनाम युद्धाच्या काळात तरुणांची सैन्यभरती लॉटरीने होत होती, जून यांचा नंबर यादीत बराच वर होता, म्हणजे बोलावणं येण्याची शक्यता मोठी, म्हणून त्यांनी अॅनापोलिसची नेव्हल अॅकॅडमी धरली. तिथून १९७५ ला पदवी, मग ह्यूस्टनच्या बेलर कॉलेजमधून १९७९ ला एमडी, त्यातलं शेवटचं वर्ष जिनिव्हाला जागतिक आरोग्य संघटनेत मलेरियाच्या इम्युनॉलॉजीवर. त्यानंतर १९८३ ते ८६ सिअ‍ॅटलच्या फ्रेड हचिन्सन सेंटरला. तिथे त्यांना नेव्हीनेच पाठवलं होतं, कारण शीतयुद्ध चालू होतं, अणुपाणबुड्या होत्या, आणि रेडिएशनने कोणाचा बोन मॅरो खराब झाला तर ट्रान्सप्लांट करता येणारे डॉक्टर हवे होते.

आता बघा, कारण अणुयुद्धाची भीती, पण शिकायला मिळालं ई. डॉनल थॉमस यांच्याकडे, ज्यांना पुढे १९९० मध्ये बोन मॅरो ट्रान्सप्लांटसाठी नोबेल मिळालं. आणि तिथे रोज दिसायची ती गोष्ट म्हणजे दात्याच्या टी पेशी पेशंटच्या ल्युकेमियाला मारतात. म्हणजे टी पेशी कॅन्सर बरा करू शकतात याचा पुरावा डोळ्यांसमोर होता, फक्त त्या पेशी कॅन्सरबरोबर पेशंटच्या निरोगी अवयवांवरही तुटून पडायच्या. त्यांना फक्त कॅन्सरच दिसेल असं करता येईल का, हा प्रश्न तिथून पुढे त्यांच्या करिअरभर सोबत राहिला.

५. एचआयव्हीचा आणि कॅन्सरचा काय संबंध? हे मला कधीच नीट कळलं नाही.

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

सिअ‍ॅटलहून परत आल्यावर जून बेथेस्डाला नेव्हीच्या मेडिकल रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये लॅब चालवत होते. तिथे संशोधन सैन्याच्या गरजेचं असायला लागायचं, म्हणजे संसर्गजन्य आजार, जखमा असं. कॅन्सर त्यात बसत नव्हता. एचआयव्ही बसत होता. आणि एचआयव्ही मारतो कोणाला तर टी पेशींनाच. मग पेशंटच्या टी पेशी बाहेर काढून वाढवून परत देता येतील का, यावर त्यांनी आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हाइन यांनी काम सुरू केलं.

टी पेशीला जागं करायला दोन सिग्नल लागतात, एक पेशीवरच्या सीडी३ या प्रोटीनमधून आणि दुसरा सीडी२८ मधून. एकच दिला तर ती झोपते किंवा मरते. या दोघांनी बारीक चुंबकीय मणी घेतले आणि त्यांच्यावर या दोन्हींच्या अँटिबॉडी चिकटवल्या, पेशीला वाटतं समोर खरी डेंड्रिटिक पेशी (शरीरात टी पेशींना जागं करणारी पेशी) आहे, आणि ती भराभर वाढायला लागते. काम झालं की लोहचुंबक लावून मणी बाजूला काढायचे. ऐकायला किती साधं वाटतं, पण पेशंटला पुरतील एवढ्या आणि तरीही दमलेल्या नसतील अशा टी पेशी मिळायचा हा भरवशाचा मार्ग ठरला.

आणि मध्येच एक अनपेक्षित गोष्ट सापडली. एचआयव्ही पेशंटच्या पेशी या मण्यांवर वाढवताना व्हायरसही वाढेल अशी भीती होती, झालं उलटंच, त्या पेशी व्हायरसला दाद देईनात, कारण या पद्धतीने वाढवल्यावर सीसीआर५ नावाचा दरवाजा पेशीवरून कमी होतो आणि व्हायरस बऱ्याचदा त्याच दरवाजाने आत शिरतो. या पेशी व्हायरसला दाद देत नाहीत हे १९९६ मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आलं.

त्याहून महत्त्वाचं, कारच्या धर्तीचा रिसेप्टर घातलेल्या पेशी जून यांनी पहिल्यांदा कॅन्सर पेशंटना नाही, एचआयव्ही पेशंटना दिल्या, नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तोवर एचआयव्हीची औषधांची कॉम्बिनेशन्स आली होती, त्यामुळे उपचार म्हणून त्याचा फारसा उपयोग झाला नाही आणि कोणीही याला फसलेला प्रयोग म्हटलं असतं. पण ते पेशंटचे नमुने तपासत राहिले आणि २०१२ मध्ये छापलं की दहा वर्षांहून जास्त काळानंतरही त्या पेशी रक्तात सापडतायत आणि त्यातून कोणाला कॅन्सर झालेला नाही. लेंटिव्हायरस वेक्टर, म्हणजे जीन पेशीत वाहून नेणारा व्हायरस, माणसात पहिल्यांदा वापरला तोही २००३ साली, पेनमध्येच, एचआयव्ही पेशंटमध्ये. म्हणजे २०१० मध्ये कॅन्सर पेशंटसमोर ते उभे राहिले तेव्हा मणी, वेक्टर, सुरक्षिततेची नोंद, सगळं एचआयव्हीच्या कामातून आलेलं होतं.

६. पत्नीच्या कॅन्सरमुळे त्यांनी हे संशोधन सुरू केलं, खरं का?

अर्धवट खरं. त्यांच्या पहिल्या पत्नीला १९९६ मध्ये ओव्हरीचा कॅन्सर झाला आणि २००१ मध्ये त्या गेल्या. जून यांनी स्वतः अनेकदा सांगितलंय की त्यानंतर त्यांनी जास्तीत जास्त जोर कॅन्सरवरच लावला. पण टी पेशींवरचं काम त्याआधीचं आहे, वर ४ आणि ५ मध्ये आलंय. मला 'दुःखातून शोध' अशी सरळ रेष ओढलेली आवडत नाही, त्यांच्या दुःखावरही अन्याय होतो आणि आधीच्या कितीतरी वर्षांच्या कष्टावरही.

७. २०१० मध्ये नक्की काय झालं?

तीन पेशंट. तिघांनाही सीएलएल म्हणजे क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया, बाकीचे उपाय थकलेले. डेव्हिड पोर्टर हे त्यांचे डॉक्टर. पेशी दिल्यावर काही दिवसांनी जोरदार ताप, थंडी, बीपी खाली, आणि मग कॅन्सर गायब. दोघांमध्ये पूर्ण, एकामध्ये अंशतः. त्यांच्या हिशोबाने आत सोडलेल्या प्रत्येक कार-टी पेशीने सरासरी निदान हजार ल्युकेमिया पेशी मारल्या होत्या.

पैसे मात्र संपले होते. अलायन्स फॉर कॅन्सर जीन थेरपी या संस्थेच्या मदतीवर हे उभं राहिलं होतं, तिघांनंतर पुढचे पेशंट घ्यायला निधी नव्हता, म्हणून आहे तेवढ्यावरच ऑगस्ट २०११ मध्ये दोन पेपर छापले आणि जगभर खळबळ उडाली. २०१२ मध्ये नोव्हार्टिस कंपनीने पेनबरोबर करार केला. पूर्ण बऱ्या झालेल्या दोघांचा पुढचा रिपोर्ट २०२२ मध्ये 'नेचर'मध्ये आला, दहा वर्षांनंतरही कार-टी पेशी रक्तात होत्या.

८. एमिली व्हाइटहेडची गोष्ट खरी आहे की वाढवून सांगतात?

खरी आहे, वाढवायची गरजच नाही. वय सहा, एएलएल म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, दोनदा उलटलेला. एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या मुलांच्या हॉस्पिटलमध्ये तिला या पेशी दिल्या, हा उपचार घेणारं ते पहिलं लहान मूल, डॉक्टर स्टीफन ग्रप. काही दिवसांत ती व्हेंटिलेटरवर, ताप उतरेना, आणि वाचेल असं वाटत नव्हतं. रक्ताच्या रिपोर्टमध्ये आयएल-६ हे प्रोटीन नेहमीच्या हजारपट वर गेलेलं. आता आयएल-६ अडवणारं टोसिलिझुमॅब नावाचं औषध संधिवातासाठी होतं, आणि जून यांच्या मुलीला लहान वयातला संधिवात असल्यामुळे त्यांना ते माहीत होतं. ते दिलं, आणि काही तासांत ताप उतरायला लागला. ती शुद्धीवर आली तो तिचा सातवा वाढदिवस होता. कॅन्सर परत आला नाही.

यातून पूर्ण क्षेत्राला या रिअ‍ॅक्शनवर तोडगा मिळाला. एमिली गेली असती तर ही ट्रायल बहुतेक तिथेच बंद पडली असती. ३० ऑगस्ट २०१७ ला एफडीएने (अमेरिकेतली औषधांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) पहिल्या कार-टी औषधाला मंजुरी दिली, त्याच दिवशी या रिअ‍ॅक्शनसाठी टोसिलिझुमॅबलाही दिली.

९. ट्रीटमेंट प्रत्यक्षात कशी होते, किती दिवस लागतात?

आधी मशीन लावून रक्तातल्या पांढऱ्या पेशी काढून घेतात, याला अफेरेसिस म्हणतात, काही तासांचं काम. पेशी गोठवून फॅक्टरीत जातात. तिथे मणी, व्हायरस, वाढ, तपासण्या. पहिल्या औषधाला मंजुरी मिळाली तेव्हा कंपनीने यासाठी २२ दिवस सांगितले होते. या मधल्या काळात पेशंटचा आजार थांबत नाही, काही जण तिथवर पोचतच नाहीत, ही या उपचाराची फार कमी बोलली जाणारी बाजू आहे. पेशी आल्या की आधी फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फमाइडची हलकी केमो, शरीरात जागा करायला, आणि मग पेशी शिरेतून. ते एवढं पटकन होतं की नातेवाईक म्हणतात झालं पण? खरा काळ पुढचे काही आठवडे, ताप आणि मेंदूवरचे परिणाम (गोंधळ, बोलताना शब्द न सापडणं) यावर लक्ष ठेवायचा.

१०. पहिले पेशंट सीएलएलचे, मग पहिली मंजुरी मुलांच्या एएलएलला कशी?

कारण नंतर जास्त पेशंट घेतल्यावर कळलं की सीएलएलमध्ये पहिल्या तिघांएवढं यश सगळ्यांना मिळत नाही, १४ पैकी ८ जणांना फायदा झाला आणि त्यातले ४ पूर्ण बरे. सीएलएल म्हाताऱ्या माणसांचा आजार, वर्षानुवर्षं चालणारा, त्यात त्यांच्या टी पेशी आधीच थकलेल्या असतात. मुलांच्या टी पेशी ताज्या. एएलएलच्या मोठ्या ट्रायलमध्ये ७५ मुलं आणि तरुणांपैकी ८१ टक्क्यांमध्ये तीन महिन्यांत रिमिशन आलं, म्हणजे आजाराची खूण दिसेनाशी झाली. म्हणून मंजुरी २५ वर्षांपर्यंतच्या एएलएलला. सीएलएलसाठी अमेरिकेत पहिलं कार-टी मंजूर व्हायला मार्च २०२४ उजाडलं, आणि तेही वेगळ्या कंपनीचं.

११. सीडी१९ निरोगी बी पेशींवरही असतं ना, मग त्याही मरतात का?

हो, मरतात. पण बी पेशींशिवाय माणूस जगू शकतो, बाहेरून इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडी) देता येतं. सीडी१९ निवडण्यामागे हेच मोठं कारण आहे. प्रश्न १४ त्याचीच दुसरी बाजू.

१२. बरा झाल्यावर कॅन्सर परत येऊ शकतो का?

येतो, बऱ्याच जणांमध्ये येतो. एक कारण म्हणजे कार-टी पेशी टिकल्या नाहीत. दुसरं म्हणजे कॅन्सरच्या पेशींनी सीडी१९ टाकून दिलं, मग ओळखायचं कसं?

आणि एक अगदी विरळा प्रकार पेनच्याच टीमने २०१८ मध्ये स्वतः छापला. एका विशीतल्या पेशंटच्या पेशी तयार करताना त्यात एक, फक्त एक, ल्युकेमियाची पेशी चुकून राहिली होती आणि कारचं जीन तिच्यात शिरलं. त्या पेशीवरच्या कारने तिच्याच सीडी१९ ला झाकून टाकलं, त्यामुळे कार-टी पेशींना ती दिसेना, आणि त्या एकीपासून पूर्ण आजार परत उभा राहिला. तो पेशंट वाचला नाही. आपल्याच हातून तयार झालेल्या उत्पादनातली अशी गोष्ट तपशीलवार जगासमोर ठेवायची, याला मी फार मानते. त्यातून सगळ्यांनाच कळलं की पेशी गाळून घेण्यात किती काटेकोर राहायला लागेल.

१३. जीन डीएनएमध्ये कुठेही जाऊन बसतं म्हणे, मग नवीन कॅन्सर नाही होणार?

रास्त भीती. आधी उलटी घडलेली गोष्ट सांगते. ७८ वर्षांचे एक सीएलएल पेशंट, दोनदा पेशी दिल्या, सुरुवातीला काहीच होईना, मग दोन महिन्यांनी अचानक पेशींचा पूर आला आणि कॅन्सर गेला. तपासलं तर ९४ टक्के कार-टी पेशी एकाच पेशीच्या लेकी होत्या, आणि त्या पेशीत कारचं जीन टीईटी२ नावाच्या जीनमध्ये जाऊन बसलं होतं, ते जीन बंद पडल्यामुळे पेशी जास्त वाढल्या. इथे नशिबाने चांगलं झालं. पण टीईटी२ बिघडणं रक्ताच्या कॅन्सरमध्येही दिसतं, म्हणून हाच अपघात घाबरवणाराही आहे.

प्रत्यक्ष आकडा बघायचा तर २०२३ च्या अखेरपर्यंत अमेरिकेत २७,००० हून जास्त डोस दिले गेले होते आणि त्यानंतर टी पेशींच्या कॅन्सरच्या २२ केसेस एफडीएकडे आल्या. जानेवारी २०२४ मध्ये एफडीएने सगळ्यात कडक प्रकारची चेतावणी लेबलवर घालायला सांगितली. सर्व २२ मध्ये दोष कारचाच असं सिद्ध झालेलं नाही, या पेशंटनी आधी भरपूर केमोही घेतलेली असते. ज्याचा कॅन्सर बाकी कशालाच दाद देत नाही त्याच्यासाठी तराजू अजूनही उपचाराच्या बाजूने झुकतो. मात्र आयुष्यभर तपासणी करत राहायची, हे पेशंटला पहिल्याच दिवशी सांगायला हवं.

१४. ब्रेस्ट, फुप्फुस, पोट अशा गाठीच्या कॅन्सरला हे का चालत नाही?

लक्ष्य सापडत नाही. बी पेशी गेल्या तर चालतं, फुप्फुस गेलं तर नाही चालत, आणि गाठीवर असलेलं प्रोटीन बहुतेक वेळा कुठल्या ना कुठल्या महत्त्वाच्या अवयवावरही थोडंसं असतंच. शिवाय गाठीतली प्रत्येक पेशी एकसारखी नसते, आत शिरणं कठीण, आणि आत गेल्यावर तिथलं वातावरण टी पेशीला झोपवतं. पेनमध्ये ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या कॅन्सरवर एकाच वेळी दोन लक्ष्यं धरणाऱ्या पेशी मेंदूच्या द्रवात सोडून बघितल्या, २०२४ च्या रिपोर्टमध्ये सुरुवातीच्या सगळ्या पेशंटच्या गाठी लवकर लहान झालेल्या दिसल्या, पण टिकून राहणं हा पुढचा प्रश्न. आशा आहे, घाई करू नये.

१५. इतकं महाग का? आणि जून यांना यातून पैसे मिळतात का?

पहिल्या औषधाची किंमत ४,७५,००० डॉलर होती, हॉस्पिटलचा खर्च वेगळा. प्रत्येक पेशंटसाठी स्वतंत्र बॅच, स्वतंत्र तपासण्या, व्हायरस वेक्टर महाग, हे खरं, पण किंमत फक्त खर्चावरून ठरत नाही हेही खरं. आणि हो, जून यांच्या नावावर पेटंट आहेत, कंपन्या काढण्यातही ते सहभागी आहेत आणि पेपरमध्ये ते तसं जाहीर करतात. वाचताना तो भाग वाचायची सवय लावा, कोणाचाही पेपर असो.

१६. नोबेल मिळालं का?

नाही. २०१८ चं नोबेल जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकु होंजो यांना, ते टी पेशींचे ब्रेक काढणाऱ्या औषधांसाठी, वेगळी गोष्ट. जून आणि सादलेन यांना २०२४ चं ब्रेकथ्रू प्राइझ मिळालं.

१७. मला याच फील्डमध्ये यायचंय, डॉक्टर होऊ की पीएचडी करू?

दोन्ही चालतं. जून एमडी आहेत, पीएचडी नाही. एशहार पीएचडी, डॉक्टर नाही. सादलेन आणि रोझेनबर्ग दोन्ही. लेव्हाइन पीएचडी, आणि त्यांचं नाव पेशी बनवण्याच्या तंत्रासाठी घेतात. मुलं मला रिसेप्टर डिझाइनबद्दलच विचारतात, पण मी सांगेन की पेशी वाढवणं, गाळणं, गोठवणं, तपासणं, या 'मॅन्युफॅक्चरिंग' म्हणून बाजूला ठेवलेल्या भागाकडे बघा, ३, ५ आणि १२ नंबरची उत्तरं परत वाचलीत तर कळेल मी का म्हणते. आणि अशा विषयात पडून राहायची तयारी ठेवा ज्याला काही वर्षं कोणी ग्रँट देणार नाही.

१८. आता पुढे काय चाललंय?

एक म्हणजे पेशी बाहेर काढायच्याच नाहीत. एमआरएनए (प्रोटीन बनवायचा तात्पुरता निरोप) चरबीच्या बारीक थेंबात घालून इंजेक्शन द्यायचं आणि टी पेशी शरीरातच कार-टी बनवायच्या. जून यांचा सहभाग असलेल्या पेनच्या टीमने २०२२ मध्ये उंदरांमध्ये हृदयाच्या फायब्रोसिसवर (स्नायूत व्रणासारखा कडकपणा येणं) हे करून दाखवलं. त्यात कार काही दिवसांपुरताच असतो आणि डीएनएला हात लागत नाही, म्हणजे १३ नंबरची भीती बरीच कमी होते. हे जमलं तर ९ नंबरमधला तो जीवघेणा वाट बघण्याचा काळही जाईल, मला सगळ्यात जास्त ओढ याचीच आहे.

दुसरं ऑटोइम्यून आजार, म्हणजे ज्यात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते, ल्युपस त्यातलाच. जर्मनीत एर्लांगेनला गेऑर्ग शेट यांच्या टीमने ल्युपसच्या पेशंटना सीडी१९ कार-टी दिली, २०२२ मध्ये पाच पेशंटचा रिपोर्ट आला, पाचही जण रिमिशनमध्ये आणि ल्युपसची औषधं बंद. तिथे बिघडलेल्या बी पेशीच त्रास देत असतात, म्हणजे ११ नंबरमध्ये जो साइड इफेक्ट म्हटला तोच इथे उपचार.